दौंडचा कप आणि पश्चिमेचा वारा

शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत कुणी हौसेनं प्रवासाला जात असेल असं मला वाटत नाही. मी गेले. तेही भर आषाढात, खांद्याला गोल्फच्या काठ्यांची बॅग अडकवून. आणि कोल्हापूरला परतल्यापासून ज्याला त्याला धरून तिथल्या गोष्टी सांगत सुटले आहे. शेवटी आमचे यजमान म्हणाले, "एकदाचं लिहून काढ बाई, म्हणजे घरात शांतता होईल."

यजमान फौजेत मेजर होते. ज्या छावणीत बदली व्हायची तिथं क्लब असायचा आणि क्लबमागं गोल्फचं मैदान. इतर बायका दुपारी पत्ते खेळायच्या. मला पत्त्यांत हरलेलं सहन होत नाही, म्हणून मी साहेबांच्या जुन्या काठ्या उचलल्या आणि बघता बघता त्यांच्यापेक्षा बरी खेळायला लागले. (हे वाक्य ते वाचतील तेव्हा वाचोत.) त्यांच्या पलटणीत दत्तोबा नावाचे हवालदार होते, शिरूर तालुक्यातल्या वडगाव रासाईचे. मैदानाची देखभाल त्यांच्याकडं होती. गवत कापता कापता तेही खेळ शिकले. निवृत्त होऊन गावी गेले तरी नाद सुटला नाही. दौंडला रेल्वेतली जुनी मंडळी दर आषाढात जोड्यांचा सामना भरवतात, त्यात ते नेमानं उतरायचे. यंदा साहेब त्यांचे जोडीदार व्हायचे होते. पण साहेबांच्या गुडघ्यानं ऐन वेळी राजीनामा दिला.

"मी हिला पाठवतो," साहेबांनी फोनवर सांगून टाकलं.

पलीकडून हवालदारांचा आवाज आला, "मॅडम वाऱ्यात खेळल्यात का कवा?"

मी आयुष्यभर डोंगरातल्या छावण्यांत, देवदारांच्या आडोशाला खेळलेली. वारा मला ठाऊक होता तो दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांपुरता. पण साहेबांनी "ती कशातही खेळेल" असं सांगून फोन ठेवला, आणि मी बॅग भरायला घेतली.

शिक्रापूर

कोरेगाव भीमाचा पूल ओलांडताना एस.टी. एका अंगाला कलल्यासारखी वाटली. मला वाटलं, ड्रायव्हरला डुलकी लागली. शिक्रापूरला उतरले आणि कळलं की डुलकी नव्हती, वारा होता.

आमच्या कोल्हापूरचा आषाढ म्हणजे वर छत्री आणि खाली चिखल. इथं आभाळ तसंच काळं, ढग तसेच भरगच्च, पण पाण्याचा टिपूस नाही. सह्याद्रीवर सगळं देणं देऊन मोकळे झालेले ढग मोकळ्या हातांनी पूर्वेकडं धावत होते, आणि त्यांच्या पायाखालून हा पश्चिमेचा वारा. रस्त्याला ट्रकांची रांग, कारखान्यातून सुटलेले कामगार, चहाच्या गाड्यांवर फडफडणारी ताडपत्री. मी बॅग खाली ठेवायला वाकले तोच माझी टोपी गेली ती थेट एका ट्रकखाली.

"मैडम, टोपी गया!" खांद्याला डबा अडकवलेला एक बिहारी कामगार ओरडला. ट्रक पुढं सरकल्यावर त्यानंच ती उचलून आणून दिली. टोपीवर टायरची नक्षी उमटली होती. मी ती तशीच घातली, दुसरी होती कुठं?

सहा आसनी रिक्षावाल्यानं बॅगेकडं बोट केलं. "पंपाचं सामान हाय का?"

"गोल्फच्या काठ्या आहेत. वडगावच्या हवालदारांकडं जायचंय."

"आगं आयाया! त्यो माळावर चेंडू हानणारा मिल्ट्रीवाला व्हय?" त्यानं शेजारच्या तिघांना बोलावून मला दाखवलं. म्हणजे आमचे हवालदार पंचक्रोशीत प्रसिद्ध होते. कशासाठी, ते त्या तिघांच्या हसण्यावरून समजलं.

तेवढ्यात जीप आली. हवालदारांनी उतरून कडक सलाम ठोकला, टोपीकडं पाहिलं आणि म्हणाले, "उडाली न्हवं? मंग वाऱ्याची वळख झाली म्हना."

जीप तळेगावच्या रस्त्याला लागल्यावर ते जरा घुटमळले. "मॅडम, एक गोष्ट सायबांना फोनवर बोललो न्हाई. औंदा नुसता खेळ न्हाई."

मग सगळं बाहेर आलं. गावाच्या वरच्या अंगाला त्यांचा पाच एकरांचा माळ आहे. त्यावर हवालदारांनी तीन होल केले आहेत आणि रोज सकाळी ते तिथं खेळतात. त्यांच्या वडिलांना, आबांना, ही गोष्ट डोळ्यांत सलते. माळाला पाणी चढत नाही, पीक येत नाही, तर निदान पोल्ट्री टाकावी असं त्यांचं म्हणणं. बापलेकांची धुसफूस वर्षभर चालली. शेवटी आबांनी देवळात चार माणसांसमोर निकाल दिला, यंदा दौंडचा कप घरी आणलास तर माळ तुझा, मी पुन्हा त्यात तोंड घालणार नाही. नाही आणलास तर पोल्ट्रीच्या भिंती उभ्या राहतील. आणि हवालदार भर देवळात 'व्हय' म्हणून बसले होते.

"मग तुम्हाला मेजरसाहेबच हवे होते," मी म्हणाले.

"व्हय," हवालदार म्हणाले. खोटं बोलायची सवयच नाही माणसाला. मला इतका राग आला की पुढचा सगळा रस्ता मी नुसता ऊस बघत बसले.

वडगाव रासाई

गाव भीमेच्या काठाला. खाली नदीलगत उसाची हिरवीगार पट्टी, आणि वर चढून गेलं की एकदम उघडाबोडका माळ. घरापुढच्या अंगणात आबा बाजेवर बसले होते. पांढरी टोपी एका हातानं दाबून धरलेली. पंचाहत्तरी उलटलेला माणूस, पण बसणं ताठ. गावच्या सोसायटीचे चेअरमन म्हणून बरीच वर्षं काढलेली, त्यामुळं नजरच अशी की समोरच्याला आपण कर्ज मागायला आल्यासारखं वाटावं.

"ह्या खेळनार?" त्यांनी लेकाला विचारलं.

"होय आबा, मी खेळणार," मी म्हणाले.

आबांनी मला टोपीपासून बुटांपर्यंत नीट बघितलं. "बरं. बसा ताई, च्या घ्या." आणि लेकाकडं वळून, "गवंड्याला पुढल्या आठवड्यात मोकळा ऱ्हा म्हनून सांगून ठिवतो."

त्या क्षणी मी ठरवलं, आता कप आणायचाच. हवालदारांचा माळ वगैरे नंतर. माझ्याकडं असं बघतात म्हणजे काय!

जेवण मात्र असं झालं की राग टिकवणं अवघड गेलं. हवालदारांच्या पत्नी सुमनताईंनी शेंगोळी केली होती. हुलग्याच्या पिठाची वळलेली बोटभर कडबोळी, लसणाच्या झणझणीत रश्श्यात शिजवलेली. आमच्याकडं तिखटाचा डोळ्यांना आधी पत्ता लागतो, लालभडक तवंग दिसतो. इथला काळा मसाला गरीब चेहऱ्यानं ताटात येतो आणि दोन घासांनंतर कानातून वाफ काढतो. जेवायला बसलो पडवीत. मी पाणी प्यायला हात काढला तर ताटातली भाकरी उठून उभी राहिली.

"ताई, भाकरीवर कांदा ठिवा," सुमनताई म्हणाल्या. "आखाडात आमी सगळीच तसं करतो." पाहिलं तर खरंच प्रत्येकाच्या भाकरीवर कांद्याची फोड वजनाला बसलेली.

"तुम्हाला काय वाटतं, पोल्ट्री की गोल्फ?" मी त्यांना हळूच विचारलं.

"मला तिथं शेवगा लावायचाय. पर मला कोन इचारतंय?"

माळावर

सकाळी माळावर गेलो. तीन होल, तिन्ही ठिकाणी बांबूला लाल फडक्याचा झेंडा. दुसऱ्या होलच्या वाटेत पोल्ट्रीसाठी आणलेल्या विटांची थप्पी. आबा विटा टाकून मोकळे झाले होते! हवालदारांनी मात्र ती थप्पी खेळातला अडथळा म्हणून जमेस धरली होती.

मी पहिला चेंडू वाऱ्याच्या तोंडावर मारला. साहेबांना दाखवावा असा सुंदर, उंच. तो चढला, चढत राहिला, आभाळात एका जागी थबकला आणि चक्क मागं आला. माझ्या पुढं जेमतेम एखाद्या अंगणाइतक्या अंतरावर पडला. दुसरा मी चिडून आणखी जोरात मारला. तो आणखी उंच गेला आणि उसात शिरला.

"झालं भांडून?" हवालदार शांतपणे म्हणाले. "आता काठी बदला. सात नंबर ठिवा, पाच नंबर घ्या, तिनं चेंडू कमी चढतो. आन् मारायचं निम्म्या जोरानं."

"वारा समोरून आणि जोर कमी?"

"जोर लावला की चेंडू लई फिरतो. फिरला की चढतो. चढला की वाऱ्याच्या तावडीत. त्याला वरती जाऊच द्यायचा न्हाई. सरपटी काढायची."

मग सुरू झाली कवायत. मूठ दोन बोटं खाली धरायची. पाय जास्त फाकवून रोवायचे, कारण वारा चेंडूआधी आपल्यालाच हलवतो. चेंडू उजव्या पायाकडं घ्यायचा. आणि मारल्यावर काठी खांद्यावर मिरवायची नाही, कमरेशीच थांबवायची. मला काठी खांद्यावर मिरवायला फार आवडतं, फोटो चांगला येतो. दर वेळी मिरवली की हवालदार "कंबर!" असं खेकसायचे. पलटणीतल्या रंगरुटांचे काय हाल झाले असतील ते मला त्या सकाळी कळलं.

आणि मग एकदा साधलं. चेंडू काठीवरून निघाला तो गुडघ्याच्या उंचीनं, वाऱ्याच्या खालून, जणू त्याला कुणी बोलावलंय असा सरळ. कडक जमिनीवर टप्पा पडला आणि तो पळत पळत झेंड्याजवळ जाऊन थांबला. मी आनंदानं किंचाळले. माळावरच्या दोन शेळ्या पळाल्या. असा आनंद मला देवदारांखाली कधी झाला नव्हता, कारण तिथं मी एकटी खेळत होते आणि इथं समोर कुणीतरी होतं, हा वारा!

आडव्या वाऱ्याची गंमत आणखी वेगळी. झेंडा समोर असला तरी त्याच्याकडं बघायचंच नाही. डावीकडं दूर बाभळीवर नेम धरायचा आणि चेंडू वाऱ्याच्या स्वाधीन करायचा. तो बापडा वाकत वाकत बरोबर झेंड्याशी येतो. वाऱ्याचा अंदाज घ्यायला हवालदारांच्या खिशात कायम कडब्याचा चुरा. चिमूटभर सोडायचा आणि तो कुठं जातो ते बघायचं. माझ्या खिशातही त्यांनी एक मूठ कोंबली. पँटच्या त्या खिशातून अजून चुरा निघतो.

खाली बांधावर आबा हात पाठीमागं बांधून उभे होते. किती वेळ होते कुणास ठाऊक. मी हात हलवला तेव्हा ते वळून निघून गेले.

दौंड

दुसऱ्या दिवशी जीपमध्ये पुढच्या सीटवर आबा आधीच बसलेले. "मी येनार. निकाल डोळ्यांनी बघनार," एवढंच बोलले. मी मागं काठ्यांशेजारी बसले. भीमा ओलांडून दौंड तालुक्यात शिरलो आणि दौंड गावात पोचेपर्यंत तोंडात धूळ कचकचायला लागली.

दौंड म्हणजे रेल्वे. जुने दगडी क्वार्टर, चिंचेची झाडं, मालगाड्यांचे धक्के. गोऱ्या साहेबांच्या वेळी कुणीतरी रुळांपलीकडच्या माळावर नऊ होल आखले. साहेब गेले, होल राहिले. त्यांची राखण आता पीटर अंकल करतात. ते निवृत्त इंजिन ड्रायव्हर, जन्म दौंडचा, आडनाव इंग्रजी आणि मराठी अस्सल दौंडी. सामन्याचे पंच तेच. दुपारी त्यांनी आम्हाला घरी जेवायला नेलं. भीमेतल्या चिलापीचं कालवण होतं, चिंच घातलेलं. आमच्याकडं माशाला कोकणाची वाट बघावी लागते, इथं मासा घरच्या नदीतला.

आबा माळकरी. त्यांनी पिशवीतून आपली भाकरी-चटणी काढली आणि पीटर अंकलनी त्यांच्यासाठी आधीच काढून ठेवलेल्या कोऱ्या ताटात ती घेतली. दोघं अर्धा तास पाऊसपाण्यावर बोलत होते.

नावं देताना एका गृहस्थांनी शंका काढली, बाईमाणूस कसं चालेल? पीटर अंकलनी नियमांचं पुस्तक उघडलं, चष्म्यातून वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "हितं नुसतं 'खेळाडू' लिहिलंय बाबा. खेळाडू हाय का? हाय. मंग?" आणि त्यांनी आमची नावं लिहून घेतली.

सामना

एका जोडीला एकच चेंडू. एक फटका एकानं, पुढचा दुसऱ्यानं. नऊ होल दोनदा खेळायचे, ज्यांचे फटके कमी ती जोडी जिंकली. बरोबरी झाली तर कप गेल्या वर्षीच्या विजेत्यांकडंच राहतो. गेल्या वर्षीचे विजेते म्हणजे लोको शेडमधले दोन निवृत्त फिटर, आणि आमची गाठ नेमकी त्यांच्याबरोबरच होती.

या माळावर हिरवळ नाही. होलभोवती वाळूत जळकं इंजिन ऑइल मिसळून, रोलर फिरवून काळीभोर गुळगुळीत जागा केलेली असते. तिला इथं सगळे 'काळं' म्हणतात. तिथं पोचलं की पटर नावाच्या चपट्या काठीनं चेंडू हळूच होलमध्ये ढकलायचा. पहिल्याच काळ्यावर मी पटर चेंडूमागं जमिनीवर टेकवणार, तोच हवालदार ओरडले, "टेकवू नका! अधांतरी धरा!"

"का?"

"पटर टेकला आन् मंग वाऱ्यानं चेंडू हलला, तर दंड आपल्याला. एक फटका वाढतो. टेकायच्या आदी हलला तर माफ."

विचित्र नियम, पण खेळाचे नियम सासरच्या रीतींसारखे असतात, कारण विचारायचं नसतं. मी पटर अधांतरी धरून ढकलला. चेंडू आत गेला.

आणि मग जी काही मजा आली! वारा दुपारी चढत गेला. झेंड्यांचे बांबू धनुष्यासारखे वाकले. फिटरांची जोडी मुरलेली, त्यांचे चेंडू सापासारखे जमिनीलगत पळायचे. पण आम्हीही सरपटी सोडली नाही. वारा पाठीशी असला की मी उंच मारायची आणि वाऱ्यालाच हमाली करायला लावायची. समोरून असला की कंबर. एकदा आडव्या वाऱ्यात मी पार रुळांकडं नेम धरला. बघणारे हसले. चेंडू वाकत वाकत होलपासून हातभर अंतरावर आला, आणि मग कुणी हसलं नाही. हवालदार एकदाच म्हणाले, "सायबांना बरं झालं गुडघ्यानं धरलं." आयुष्यात मला मिळालेली ही सर्वांत मोठी पदवी.

आबा प्रत्येक होलला टोपी दाबत बरोबर चालत होते. सुरुवातीला तोंड फिरवून. मग कधीतरी मला विचारलं, "त्यांचं किती झालं?" मग दर होलला विचारायला लागले.

शेवटच्या होलला आलो तेव्हा बाकीच्या जोड्या केव्हाच मागं पडल्या होत्या आणि आमच्या दोन्ही जोड्या बरोबरीत होत्या. फिटरांनी तो होल पाच फटक्यांत पुरा केला. आमचे तीन झाले होते आणि चेंडू काळ्यावर, होलपासून हातभर. हा एक ढकलला की चार. कप आमचा, माळ हवालदारांचा. पाळी हवालदारांची होती. मी झेंडा काढून धरला, तो माझ्या हातात माशासारखा फडफडत होता. धुळीचा लोट आला, सगळ्यांनी डोळे मिटून पाठी फिरवल्या. मीसुद्धा.

लोट गेला. हवालदार चेंडूवर वाकलेले होते, पण ढकलत नव्हते. मग ते सरळ झाले.

"अंकल, चेंडू हलला," ते म्हणाले. "माझा पटर टेकलेला व्हता."

कुणीही पाहिलं नव्हतं. आयुष्यभर पटर अधांतरी धरणाऱ्या माणसानं नेमका या वेळी, डोळ्यांत धूळ गेल्यावर तोल सावरायला तो टेकवला होता. फिटरांपैकी एक म्हणाला, "आमी काय बघितलं न्हाई हवालदार, मारा तुमी." पण हवालदारांनी मान हलवली. पीटर अंकलनी चेंडू मूळ जागी ठेवायला सांगितलं आणि एक फटका दंड लावला. म्हणजे आता आत गेला तरी पाच. बरोबरी. कप जिथं होता तिथंच. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते धुळीमुळं नव्हतं.

"थांबा!"

आबा. टोपी हातात घेऊन ते थेट काळ्यावर आले.

"चेंडू कुनी हलवला?"

"वाऱ्यानं," पीटर अंकल म्हणाले.

"मंग दंड वाऱ्याला करा! ह्याला का?"

"आबा, पटर टेकला की चेंडूची जबाबदारी खेळनाऱ्यावर. मंग हलला तर त्यानंच हलवला आसं धरायचं."

"धरायचं? घडलं न्हाई तरी धरायचं?" आबांचा आवाज वाऱ्याच्या वर गेला. "उद्या वाऱ्यानं माझा ऊस लोळला आन् शेजाऱ्याच्या बांधावर पडला, तर मी बांध कोरला आसं धरनार का तुमी? आन् हे पोरगं सोताच्या तोंडानं सांगतंय, कुनी बघितलं नसताना. माझी उभी हयात बांधाच्या भांडनांत पंच म्हनून गेली. खुटी सरकली म्हनून सोताहून सांगनारा एक मानूस बघितला न्हाई मी! आन् त्यालाच दंड?"

पीटर अंकलच्या हातातल्या पुस्तकाची पानं फडफडत होती. भोवती माणसं जमली. फिटरांची जोडीसुद्धा माना डोलवायला लागली. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं, हा म्हातारा स्वतःच्याच पोल्ट्रीविरुद्ध भांडतोय! मला एकाच वेळी हसू आणि रडू यायला लागलं.

"आबा," पीटर अंकल शेवटी काकुळतीनं म्हणाले, "तुमचं खरं असंल. पर नियम मी करत न्हाई. ते तिकडं स्कॉटलंडात बसून करतात."

"म्हंजी वर हाय कुनीतरी."

"हाय ना."

"मंग ठीक," असं म्हणून आबांनी टोपी घातली आणि बाजूला झाले.

हवालदारांनी चेंडू ढकलला. आत गेला. पाच. फिटरांनी कप उचलला खरा, पण आधी दोघांनी येऊन हवालदारांचे हात हातात घेतले, आणि चहाच्या वेळी तो कप आमच्याच टेबलावर आणून ठेवला.

परत

जीप वडगावकडं निघाली. पूल आला. वारा अजून तसाच, खाली भीमेच्या पाण्यावर लाटा.

"आबा," हवालदार रस्त्याकडं बघत म्हणाले, "उद्या गवंड्याला बोलावून घेतो. ठरलं ते ठरलं."

"कशाला?"

"हरलो की."

"हरलास आसं कोन म्हनतं?"

"अंकलनी निकाल दिला न्हवं?"

"दिला. मी मान्य केलाय का? त्या निकालावर वर दाद मागता येती. स्कॉटलंडात. मंग मागू की. तिथला निकाल लागंस्तवर माळ जैसे थे. गवंड्याचं नाव काढायचं न्हाई."

हवालदारांचा पाय ब्रेकवर गेला असावा, कारण मी काठ्यांवर आपटले. सावरत मी म्हणाले, "पण आबा, तिकडून निकाल यायला किती वर्षं लागतील कुणास ठाऊक!"

"लागू द्या ताई. माझ्या बापानं लावलेला बांधाचा दावा अजून शिरूरच्या कोर्टात चालू हाय. ह्ये तर सातासमुद्रापल्याडचं कोर्ट." त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि लेकाकडं न बघता म्हणाले, "आन् दत्तू, सकाळी माळावरचं कुसळ काढून घे. जैसे थे म्हंजी रान माजू द्यायचं आसं न्हाई."